नसलेलं तळघर

आमच्या घराला तळघर नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हालाही ते असावं असं वाटायला लागेल. मी नळदुरुस्ती करतो. पाइप बदलताना ही फरशी मी माझ्या हाताने उखडली आहे. खाली माती आहे, आणि मातीखाली आणखी माती.

घर बायकोच्या माहेरचं. पुढच्या खोलीत ती शिवणकाम करते, लग्नाच्या आधीपासून. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचा पलंग हिने मशीनला लागूनच लावून घेतला. चार टाके घालायचे, त्यांची कूस बदलून द्यायची, पुन्हा मशीनवर बसायचं. अशी वर्षं काढली, पण गिऱ्हाइकाच्या कपड्याला औषधाचा वास म्हणून लागू दिला नाही. सासरे गेले तेही त्याच पलंगावर.

धाकटी मेव्हणी लेखिका. तिने कादंबरी लिहिली. त्यात दोन बहिणी, एक घर आणि घराखाली तळघर. थोरली बहीण म्हाताऱ्या बापाला तळघरात ठेवते आणि एक दिवस तो तिथून नाहीसा होतो. पुस्तक धडाधड खपलं. हिने वाचलं, बरं लिहिलंय म्हणाली आणि बाही जोडायला बसली.

इथवर ठीक होतं. मग एका मुलाखतीत मेव्हणीला विचारलं की हे घर आहे कुठे. कुठेच नाही, ती म्हणाली. तिथेच थांबायचं की नाही? पण नाही. कुणी विचारलेलं नसताना पुढे म्हणाली, मी वाढले ते घर आता ताईकडे आहे, पण त्याला तळघर नाही. झालं. वाचकांनी डोकं चालवलं. तळघर नसेल तर नाही म्हणायची गरजच काय? ज्याअर्थी नाही म्हणते त्याअर्थी आहे, आणि ज्याअर्थी ताईला मध्ये आणते त्याअर्थी ताईच काहीतरी लपवते आहे.

माणसं यायला लागली. बटण लावून घ्यायच्या निमित्ताने आत शिरायचं आणि टाचेने फरशी ठोकून बघायची. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, उतरायची वाट पलंगाखालून आहे का. मी म्हटलं, बाबा रे, मी प्लंबर आहे, सगळं उघडून पाहिलंय. तर तो समजूतदारपणे हसला. नवराच प्लंबर, म्हणजे बुजवायलाही बाहेरचा माणूस नको. मी कपाळावर हात मारून घेतला. मेव्हणीने घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं की ते तळघर माझ्या मनातलं आहे. त्यावर मनातलं म्हणजे नक्की कोणत्या खोलीखालचं, अशी चर्चा झडली.

ही हसण्यावारी नेत होती. मग एक दिवस हिच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंनी माप देता देता विचारलं, "तुमचे वडील शेवटी शेवटी कुठे असायचे हो?" याच बाई याच खोलीत सासऱ्यांशी कितीदा गप्पा मारून गेल्या होत्या. हिने टेप गुंडाळून ठेवली. मशीन त्या दिवशी चाललं नाही. इतकी वर्षं केलेलं सगळं एका पुस्तकाने पुसून टाकलं होतं. हिने बहिणीला फोन केला आणि एवढंच सांगितलं की ये आणि निस्तर.

मेव्हणी आली. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मी मनात भाषण तयारच ठेवलं होतं. पण बोलली हीच.

"लोकांचं जाऊ दे. मी बाबांना खाली टाकलं असतं, असं तुला वाटलं?"

"ती तू नाहीस गं, ताई," मेव्हणी म्हणाली. "बाबा गेल्याचं कळून मी पोचले तेव्हा पलंगावर धुतलेली चादर होती आणि तू शिवत बसली होतीस. सगळं आवरलेलं. बाबा गेले कुठे तेच मला कळेना. मला त्यांना कुठेतरी ठेवायचं होतं."

खरं सांगतो, मला फार राग आला. आवरायचं नाही तर काय करायचं होतं हिने? पण ही उठली. पलंगावरचे गिऱ्हाइकांचे कपडे तिने उचलून मशीनवर टाकले आणि बहिणीला तिथे बसवून स्वतः शेजारी बसली.

"उशी या बाजूला होती. दुपार होती. तुझं नाव घेतलं असं सांगू शकते मी, पण नाही घेतलं. माझंही नाही घेतलं. पाणी मागितलं. मी भांडं घ्यायला वळले तेवढ्यात गेले. मीही नाही पाहिलं त्यांना जाताना."

हे तिने मलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

मेव्हणी हिच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली. आणि नेमकी दारावर टकटक झाली. मी धावतच गेलो आणि दार अर्धवट उघडलं. बाहेर एक जोडपं, बाईच्या हातात पुस्तक. तळघर बघायला मिळेल का, त्यांनी हळू आवाजात विचारलं. आतून हुंदके ऐकू येत होते. काहीही करून मला ही माणसं घालवायची होती.

"आज बंद आहे," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

कडी घातली, तेव्हा कुठे लक्षात आलं मी काय बोलून बसलो ते.