चंद्राच्या फटी

जगात जिथे जिथे दोन वस्तू जोडल्या आहेत, तिथे तिथे कुणीतरी हलगर्जीपणा केला आहे, अशी माझ्या बायकोच्या मामांची ठाम समजूत होती. केंब्रिजच्या मोटार कारखान्यात त्यांचा उभा जन्म गाडीचं दार आणि पत्रा यांमधली फट तपासण्यात गेला. मामा रिटायर झाले, त्यांचं बोट झालं नाही. ग्रोसरीला गेलं की पार्किंगमधल्या परक्या गाड्यांच्या फटींवरून ते नख फिरवत चालायचे. एकदा एका गाडीचा धिप्पाड मालकच समोर आला. मामा शांतपणे म्हणाले, "सर, युवर रिअर डोअर. लिटल बिट लो." मी लाजेने ट्रॉलीत तोंड घालून कोथिंबीर निवडू लागलो. गणपतीत मोदकाचं ताट पुढे आलं, तर एक मोदक उचलून म्हणाले, "कळी डावीकडे सरकलीय. रिजेक्ट." मामी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आम्ही तेव्हा त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. त्यांच्या सहावीतल्या नातीने शाळेच्या सायन्स फेअरसाठी चंद्राचा मोठा फोटो केला होता. माणूस चंद्रावर उतरण्याआधी एक यान त्याच्याभोवती फिरलं, त्याने फोटो काढून फिल्म वरच्या वर धुतली आणि पट्ट्यापट्ट्यांनी चंद्र खाली पाठवला. त्या पट्ट्या इथे शेजारी शेजारी लावल्या, म्हणून त्या जुन्या फोटोंत रेघा दिसतात. पोरीने अगदी तस्संच केलं होतं, पट्ट्या चिकटवून मध्ये बारीक फटी सोडल्या होत्या. दुपारी ती शाळेत असताना मामांना त्या फटी दिसल्या. त्यांनी प्रेमाने सगळ्या पट्ट्या सोडवल्या, पट्टी-कटर घेऊन कडा कापल्या आणि चंद्र बिनफटीचा करून ठेवला. तो दोन बोटं बारीक झाला आणि खड्डे मधोमध चिरले गेले.

पोर घरी आली. ओरडली नाही. "आजोबा, दोज लाइन्स वर द होल पॉइंट," एवढंच म्हणाली आणि यान कसं काम करायचं ते तिने त्यांना सांगितलं. मामा खुर्चीत बसले ते कटर हातात धरूनच. "वर कुणी माणूस नव्हता होय?" त्यांनी विचारलं. "आणि मी त्या यानाचं काम रिजेक्ट केलं." आयुष्यात त्यांची चूक पहिल्यांदाच कुणी पकडली होती, आणि पकडणारी बरोबर होती. त्यांची मान वर होईना.

दुसरं करायला वेळ नव्हता. संध्याकाळी तोच चंद्र शाळेच्या जिममध्ये लागला. मामा विंटर जॅकेट न काढता त्याच्याशेजारी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, "धिस कटिंग, माय मिस्टेक. हर वर्क वॉज करेक्ट." नात कुजबुजली, "आजोबा, स्टॉप, प्लीज." ते थांबले नाहीत. शेवटी तिनेच त्यांच्या जॅकेटची बाही धरली आणि तशीच धरून उभी राहिली. मला मात्र तिथे उभं राहवेना, मी बाहेर जाऊन गाडी गरम करत बसलो.

त्यानंतर मामा बदलले. मोदक निमूटपणे खाऊ लागले, आणि त्याचा मामींनाच जास्त घोर लागला. परवा ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये एका लाल गाडीचं दार चांगलंच खाली आलेलं दिसलं. मामांचं बोट पुढे गेलं, थबकलं आणि परत खिशात गेलं. मला फार वाईट वाटलं. फिरवा हो मामा एकदा नख, मी घालीन मान खाली, असं अगदी ओठांवर आलं होतं.