काकू म्हणणारी लेक

आमच्या लुकांगात सिउकिमला न ओळखणारं माणूस विरळा. गावात कुणाचा वाढदिवस असला की शेवया तिच्याच अंगणातून जातात. दीर्घायुष्यासाठी लांब, न तुटणाऱ्या, काठ्यांवर ताणून वाळवलेल्या. पण मी लिहायला बसले ते शेवयांसाठी नाही. सिउकिम साठीची होईपर्यंत आपल्या जन्मदात्या आईला काकू म्हणत होती, त्यासाठी.

नवीन माणूस हमखास गोंधळायचा. एकदा ती आईला घेऊन दवाखान्यात गेली तेव्हा नर्सने विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? ती म्हणाली, मुलगी. आणि लगेच आजींकडे वळून, "काकू, चपला काढ आणि वजनाला उभी राहा." नर्सने एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा आजींकडे, आणि वजन लिहून घेतलं. नर्स लुकांगचीच असावी. आमच्याकडे अशी मुलं असतात. माझ्या वर्गातला एक मुलगा वडिलांना काका म्हणायचा. त्याला कुणी का म्हणून विचारलं नाही. पत्रिका जुळली नसेल, एवढं आम्हाला त्या वयातही कळत होतं.

सिउकिमचा जन्म आमच्या बारा प्राण्यांच्या पंचांगातल्या कुत्र्याच्या वर्षातला, ऐन उन्हाळ्यातला. बाळंतपणानंतर तिच्या आईला, म्हणजे थोआजींना, ताप चढला तो उतरेना. तेव्हा त्यांची सासू, म्हणजे सिउकिमची आजी, उठली आणि देवळामागे राहणाऱ्या लिम गुरुजींकडे मुलीची जन्मवेळ घेऊन गेली. गुरुजींनी वर्ष, महिना, दिवस आणि वेळ यांचे चार खांब मांडले. प्रत्येक खांबात दोन अक्षरं, अशी आठ.  म्हणाले, ही मुलगी म्हणजे मोठं झाड. झाडाला पाणी पाजते ती आई. पण हिच्या पत्रिकेत पाणी आहे इवलंसं आणि भोवती मातीच माती. वर्षात माती, महिन्यात माती, जन्मवेळेतही माती. ही माती पाणी बुजवणार.

उपायही त्यांनीच दिला. मुलीच्या तोंडून आई हा शब्द येऊ द्यायचा नाही. नातंच तोंडात आलं नाही तर दोष लागणार कुणाला? काकू म्हणू दे. आणि मुलीला आपल्या देवळातल्या मात्सूआईच्या पदरात घाला, म्हणजे तिला आई म्हणून देवी राहीलच. तसं ठरवलं, मुलीला देवीच्या पदरात घातलं, आणि पुढच्या काही दिवसांत थोआजींचा ताप खरोखरच उतरला. मग काय, गुरुजींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

तीन भाऊ आई म्हणत, ही काकू म्हणे. लहानपणी एकदा शेवया वाळवायची लाकडी घोडी अंगावर पडली तेव्हा कळवळून "आई गं" म्हणाली. आजीने आधी हिच्या पाठीत धपाटा घातला, मग सुनेला देवळातल्या उदबत्तीची राख पाण्यातून पाजली, आणि त्यानंतर मुलीचा गुडघा बघितला. सिउकिम ही गोष्ट हसत सांगते. पुढे लग्न झालं, मुलं झाली, नवऱ्याने तिच्याचकडून शेवया ताणायला शिकून घेतल्या. सगळं नीट चाललं होतं. फक्त तिच्या मनात एक कुतूहल राहिलं होतं. ही माती पाण्याला बुजवते म्हणजे नेमकं करते तरी काय? तिला तिच्या हातून झालेलं काहीच दिसत नव्हतं.

मुलं मार्गी लागल्यावर देवळाच्या धर्मशाळेत पत्रिका शिकवायचा वर्ग सुरू झाला, तेव्हा तिने नाव घातलं. सोबत म्हणून मी गेले. मला त्यातलं फारसं उमगलं नाही, पण गो सरांचं बोलणं ऐकायला बरं वाटायचं. पोस्टातून निवृत्त झालेला शांत माणूस. ते सारखं सांगायचे की एक अक्षर धरून घाबरू नका. पत्रिकेतला योग म्हणजे शेजाऱ्यांचं भांडण असतं. कोण कोणावर धावून जातंय हे कुणालाही दिसतं. दोघांच्या मधे कोण उभं आहे ते बघा.

सिउकिम वर्षभर घरी एकटीच आपली आठ अक्षरं मांडून बघत होती. दरवेळी लिम गुरुजींचंच उत्तर यायचं. मधे कुणीच उभं नव्हतं. झाडाच्या मुळाशी थेंबभर पाणी आणि तिन्ही बाजूंनी ढिगारे. शेवटी एके दिवशी तिने ती पत्रिका फळ्यावर लिहिली आणि म्हणाली, ओळखीतल्या एका बाईंची आहे.

गो सर चष्मा वर करून बघत राहिले. म्हणाले, "या ओळखीतल्या बाई तुमच्यासारख्याच हट्टी दिसतात."

वर्ग हसला. सिउकिमही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. सरांनी जन्मवर्ष विचारलं, महिना विचारला, आणि विचारलं की वेळ कोणी सांगितली. ती म्हणाली, साडेसात, संध्याकाळचे, घरात तसं लिहिलेलं आहे. तेव्हा सरांनी खडू खाली ठेवला. त्या वर्षांत उन्हाळा आला की सरकार सगळी घड्याळं तासभर पुढे करायचं, ते म्हणाले. माणसांनी घड्याळ पुढे केलं, पण आकाशाने केलं नाही. त्या वेळच्या जन्मांचा एक तास वजा करायचा असतो. घाईत पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

वर्षांसारखीच दिवसातल्या वेळांनाही प्राण्यांची नावं असतात. साडेसात ही कुत्र्याची वेळ, म्हणजे माती. साडेसहा ही कोंबड्याची वेळ. तिथे खाली धातू आणि वर पाणी. सरांनी शेवटचा खांब पुसून नव्याने लिहिला, आणि सगळी पत्रिका उलटी झाली. म्हणजे अक्षरं तीच, फक्त दोन बदललेली. पण माती आणि पाणी यांच्या मधे आता धातू उभा होता. माती धातूला जन्म देते, धातू पाण्याला. डोंगराच्या पोटात खडक, आणि खडकातून झरा. जितकी माती जास्त तितका झरा मोठा.

"ही मुलगी आईला बुजवत नाही," सर म्हणाले. "हिच्यामुळे तर आई टिकते."

 घरी येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिउकिम म्हणाली की पुढच्या महिन्यात काकूची ऐंशी पूर्ण होतात. सगळी मुलं ओळीने तिच्यापुढे शेवयांचा वाडगा धरतील आणि आई म्हणून हाक मारतील. यंदा आपल्यालाही तसंच करायचंय.

पण सिउकिम ही शेवया करणारी बाई. कच्चं पीठ ती ताणायला घेत नाही. आधी खात्री हवी होती. दुसऱ्या दिवशी तिने मला सोबत घेऊन थोआजींना गाठलं. आजी अंगणात बसून शेंगा सोलत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "साठ वर्षांची झालीस आणि आता घड्याळ दुरुस्त करायला निघालीस?"

सिउकिमने विचारलं, माझ्या जन्माची वेळ कुणी बघितली होती? आजींना तेवढं आठवत होतं. सुईण तर नाहीच, तिच्याकडे घड्याळ नव्हतं. घरात एकच घड्याळ होतं, ते सासऱ्यांच्या खिशात. आणि सासरे असे, की सरकारने सांगितलं तरी काटे हलवायचे नाहीत. म्हणायचे, सूर्याला असा हुकूम आलेला नाही.

सिउकिमचा चेहरा उतरला. सासऱ्यांनी काटे पुढे केलेच नसतील तर साडेसात म्हणजे खरोखरचेच साडेसात. मग कुत्र्याची वेळ कायम, माती कायम. मी तिला म्हटलं की त्या धांदलीत त्यांनी शेजारी कुणाला विचारलं असेल, देवळातलं घड्याळ बघितलं असेल. पण असेल म्हणून कोणी पत्रिका मांडत नाही.

थोआजींचं मात्र आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांना तो दिवस आठवायला लागला होता आणि जुना रागही. म्हणाल्या, माझ्या पोटात कळा चाललेल्या आणि बाहेर सासूबाई ओरडताहेत. ऊन उतरलं, शेवया आत घ्या, ओल धरेल. बाळाचं रडणं ऐकलं तरी तेच. आधी शेवया घ्या.

सिउकिम शेंगांच्या टोपलीशी खाली बसली. "काकू, मी रडले तेव्हा शेवया बाहेरच होत्या?"

"बाहेरच. घ्यायला कोण होतं?"

"आणि ऊन होतं?"

"होतं म्हणून तर ओरडत होत्या ना. अंधार पडेपर्यंत शेवया बाहेर ठेवणारी बाई होती का ती? मला जिवंत सोडलं नसतं."

तिथे बसलेल्या आम्हा तिघींपैकी कुणालाच पुढचं सांगावं लागलं नाही. आमच्याकडे भर उन्हाळ्यातही खऱ्या साडेसातला अंगणात दिवा लावावा लागतो. ऊन उतरायची वेळ म्हणजे साडेसहा. सासऱ्यांचं घड्याळ काहीही म्हणो, त्या दिवशीची वेळ कुणीतरी तासभर पुढे केलेल्या सरकारी घड्याळातच बघितली होती.

मला वाटलं, झालं. पण थोआजींनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. सावकाश म्हणाल्या की तुझा सर शिकलेला आहे, खरंच असेल त्याचं. पण तू मला काकू म्हणायचं असं ठरलं आणि माझा ताप उतरला, हेही खरं आहे. काकू ऐकत ऐकत मी ऐंशीची झाले. माझ्या बरोबरीच्या कितीजणी राहिल्या? चालतं घर आहे, त्याचा खांब का हलवावा?

सिउकिम वाद घालत बसली नाही. तिला माझा राग आला असता तर नवल नव्हतं, कारण मीच मधे तोंड घातलं आणि म्हटलं, आजी, इतकी भीती वाटते का तुम्हाला?

"भीती नाही गं," थोआजी म्हणाल्या. "हिला पोरकी करायची नव्हती म्हणून तर एवढं केलं. माझ्या वाढदिवसाला शब्द उच्चारला आणि त्याच आठवड्यात मी गेले, तर ही जन्मभर काय म्हणत बसेल?"

 मग त्यांनीच तोड काढली. सिउकिम देवीच्या पदरातली. तेव्हा देवीला विचारायचं.

पौर्णिमेला सकाळी आम्ही तिघी देवळात गेलो. गर्दी व्हायच्या आत. मी संत्र्यांची पिशवी धरून मागे उभी होते, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात मीही देवीला विनवत होते. सिउकिमने उदबत्त्या लावल्या, आपलं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, घडलेलं सगळं सांगितलं, अगदी शेवयांसकट. मग कौलाचे दोन लाकडी अर्धचंद्र ओंजळीत घेऊन टाकले. एक पालथा, एक उताणा पडला तर देवीचा होकार. दोन्ही पालथे तर नाही.

दोन्ही उताणे पडून डुलत राहिले. म्हणजे देवी हसली. होकारही नाही, नकारही नाही.

तिने पुन्हा टाकले. देवी पुन्हा हसली.

सिउकिमच्या डोळ्यांत पाणी आलं. ती कौल उचलून तिसऱ्यांदा टाकणार, तेवढ्यात थोआजींनी तिचा हात धरला. मूर्तीकडे बघत म्हणाल्या, "पुरे. तिला सारखं सारखं छळू नकोस. रागावली असती तर कळलं असतं. ती हसतेय, कारण हे आपल्या दोघींचं आहे आणि आपण तिला विचारत बसलोय." मग चटईवर ठाण मांडून बसल्या. "म्हण इथेच. जे व्हायचं ते हिच्यासमोर होऊ दे."

सिउकिम त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "काकू..."

"ते नको."

पुजारी दूरवर दिव्यात तेल घालत होते. सिउकिमने दोन्ही हातांनी चटईची कड धरली होती.

"आई."

थोआजींनी छातीवर हात ठेवला आणि कान देऊन बसल्या, वीज चमकल्यावर गडगडाटाची वाट बघतात तशा. बराच वेळ. मग दुसऱ्या हाताची नाडी चाचपून बघितली. मी पिशवी छातीशी घट्ट धरून उभी.

"काही होत नाही गं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, नवल होतं. "परत म्हण बघू."