आईच्या फोनवर उमटलेलं अण्णांचं बोलणं

मंडळी, आज दुपारी बेंबळीत आमच्या घरी जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आईला चार वर्षांपासून ऐकू येत नाही. कानाच्या मशीनचाही उपयोग झाला नाही. बोललेलं ऐकून मराठीत लिहून देणारं एक ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट घेऊन बदलता येणारं, सॉफ्टवेअर मला सापडलं होतं. पण ते पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं, चालायला जड होतं आणि तिच्या स्वस्तातल्या स्मार्टफोनला काही झेपेना. म्हणून नोकरी सांभाळून गेले सहा महिने मी तेच सॉफ्टवेअर सी प्लस प्लस या जास्त वेगानं चालणाऱ्या भाषेत उतरवत होते.

आज ते तिच्या फोनवर नेटशिवाय चाललं! मी फोन तिच्या हातात दिला आणि वडिलांना म्हटलं, "अण्णा, बोला काहीतरी. ओरडू नका, नेहमीसारखं बोला."

अण्णा आधी लाजले. मग हळूच आईला म्हणाले, "तुला लई ओरडून सांगावं लागायचं. शेजाऱ्यांना वाटायचं, भांडतोय. म्हणून म्या बोलणंच कमी केलं. तुझ्यावर राग नव्हता."

अक्षरं सावकाश उमटली. 'लई'चं 'लाई' झालं होतं, तरी आईला सगळं कळलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला," ती म्हणाली.

"न्हाय गं," म्हणत अण्णा फोनजवळ सरकले आणि शेतातलं, पाहुण्यांतलं, कधीचं काय काय सांगत बसले. मी गुपचूप बाहेर आले. डोळे भरून आले होते.

तुमच्या घरात कुणी बोलायचं कमी झालंय का? का, ते विचारलंत कधी?