खालची थड म्हणजे काय?

दिवाळीच्या सुट्टीत कोकण ठरलं होतं. गेलो मात्र नेसरीकडे. कारण माझ्या वडिलांच्या, आबांच्या, गावच्या शाळेची स्मरणिका घरी आली. तिच्यात एका निवृत्त गुरुजींनी गावातल्या जागांच्या नावांचे अर्थ दिले होते. 'खालची थड : संस्कृत तट, त्यावरून थड, म्हणजे नदीकाठ. उतारावर आहे म्हणून खालची.' आबांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "उद्या गावाला जायचं."

कोल्हापूरहून गडहिंग्लजची एसटी निपाणी, संकेश्वरमार्गे जाते. पहाटेची धरा, बसायला जागा मिळते. आबांना अर्धं तिकीट. हायवे सुटला की हाडं खिळखिळी होतात. गडहिंग्लज स्टँडसमोर गरम उप्पीट झकास मिळतं. आबांनी नुसता चहा घेतला. पुढे नेसरीची गाडी आणि तिथून वडापची जीप.

आधी नदीवर गेलो. घटप्रभा तिथं फार देखणी आहे, दोन्हीकडे ऊस. आबांनी वरची थड दाखवली, मग प्रवाहाबरोबर पुढे, वळणापलीकडची खालची. मी उतार शोधत होते. काठ दोन्ही ठिकाणी सारखाच सपाट. वर गाव धुणं धुवायचं, जनावरं धुवायचं आणि गावकुसाबाहेरच्या आमच्या लोकांनी प्यायचं पाणी खाली भरायचं. एकदा आजी वर गेली, तर तिची घागर फोडली. हे आबांनी मला मी चाळिशीला आल्यावर पहिल्यांदा सांगितलं.

तिथून गुरुजींच्या घरी. त्यांनी अगत्यानं बसवलं, चहा दिला. आबांनी विषय काढला तेव्हा म्हणाले, कशाला जुनं उकरायचं, स्मरणिका मुलं वाचतात, चांगलंच लिहावं. सोप्यात त्यांची थोरली बहीण शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "उतार कुठला रं? आमी वर धुणं धुवायचो, ह्यांनी खाली प्यायचं. म्हणून खालची. तुला ठावं न्हाय व्हय?"

गुरुजी एवढंच म्हणाले की, आता छापून झालंय.

परतीला आबा झोपले. मी संकेश्वर येईपर्यंत मनातल्या मनात गुरुजींशी भांडत होते. तटाची थड झाली, कबूल. पण खालची कुणी केली ते झाकायला व्युत्पत्ती वापरायची?

घरी येऊन हे लिहायला बसले. शेवटी खरा अर्थ दिला : 'जिथे आम्हाला अशुद्ध पाणी भरावं लागे तो काठ.' आबांनी वाचलं आणि एक शब्द खोडायला लावला.

"अशुद्ध न्हाय. धुण्याचं पाणी लिही. प्यालोय मी."