आगबोटीचा धूर

जे. पी. नगरच्या घरी रंगकाम काढलंय. ऑइलपेंटच्या वासाने मला अजून मळमळतं. बाबांनी जुन्या लढाऊ आगबोटीचं चित्र काढलं होतं. नुसता काळा धूर रंगवायला त्यांना महिना लागला. वास्तुशांतीच्या दिवशी त्यांचे थोरले भाऊ म्हणाले, "दिवाणखान्यात धूर? शी, अशुभ!" आणि खिडक्यांचा उरलेला पांढरा रंग त्यांनी सरळ त्या धुरावर फासला. पाहुणे वाहवा करत श्रीखंड चापत होते. बाबा हसून कानडीत एवढंच म्हणाले, "सरी, अण्णा", म्हणजे ठीक आहे, दादा. रंगाच्या वासापेक्षा मला त्या हसण्याचीच किळस आली होती.

आज रंगाऱ्यांसाठी चित्र उतरवलं, तर काकांच्या पांढऱ्या रंगाचे पोपडे सुटले होते आणि आगबोट पुन्हा धूर सोडत होती.