एका होडीवर दोन तांडेल

तुळिंजच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रविवारी सरावाला मशीन मिळायची. एक जण नेहमी माझ्या शेजारी बसायचा. बसण्याआधी रुमालाने कीबोर्डचं एकेक बटण पुसायचा. त्याच्या शर्टाला सुक्या बोंबलांचा वास यायचा, म्हणून मी खुर्ची जरा सरकवून घ्यायचो. मी डिप्लोमावाला, अंधेरीला नोकरीला.

तेव्हा मी कॅरमचा गेम लिहीत होतो. कॅरमबोर्ड एका गेम-लायब्ररीत लिहिलेला आणि भोवतालची खिडकी, बटणं दुसऱ्याच टूलकिटमध्ये. दोघांचं लूप, म्हणजे प्रोग्राम हलता ठेवणारं चक्र, वेगळं. बोर्ड चालला की बटणं गोठायची, बटणं चालली की स्ट्रायकर हलेना. तीन आठवडे मी डोकं आपटत होतो.

एकदा तो माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणाला, "होडीवर दोन तांडेल ठेवलेत तुमी, दोगं बी हुकूम सोडनारे. ती कोनाचं ऐकनार?"

त्याने गेमचं लूपच उडवलं. खिडकीला टायमर लावला. दर काही मिलिसेकंदांनी तिने गेमच्या रांगेत साचलेले इव्हेंट, म्हणजे क्लिक नि हालचाली, उचलायचे, गेमला द्यायचे आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचं. मशीन हँग व्हावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. स्ट्रायकर सुळकन गेला.

"कुठे शिकलात?" मी विचारलं.

"हितंच, पुस्तक बघून. बर्फाच्या कारखान्यात असतो मी."

गेम पुरा झाल्यावर मी बनवणाऱ्यांच्या नावांचा पडदा केला. त्यावर माझं एकट्याचंच नाव आहे. त्याचंही टाकलं असतं, पण ते मला माहीत नव्हतं. इतके रविवार मी ते विचारलं नव्हतं, आणि तो पडदा केला त्या दिवशी तर मुद्दामच नाही.