पोरीची पक्की नौकरी

माझी पीएच.डी. झाली तेव्हा पांढुर्ण्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात पक्की नौकरी एकाच माणसाची होती, ती माझ्या तीन वर्षांच्या पोरीची. काम निरोप पोचवायचं. माझ्या आईसमोर बायकोनं माझ्याशी सरळ बोलायचं नाही, मीही तिच्याशी नाही, अशी घरची रीत. म्हणून चुलीपासून ओसरीपर्यंत पोरगी दिवसभर फिरायची. ‘बाबा, आई म्हणते जेवाले चला.’ ‘आई, बाबा म्हणते भूक नाई.’ एकट्यात आम्ही बोलायचो, नाही असं नाही. पण आईच्या कानावरून न गेलेली गोष्ट आमच्याकडे झाली असं कोणी धरतच नव्हतं.

संत्र्याच्या बागांतल्या मातीवर मी प्रबंध लिहिला होता आणि सौंसरच्या कॉलेजात तासांवर शिकवत होतो. म्हणजे उन्हाळा लागला की पगार बंद. अशात दोन बोलावणी एकदमच आली. एक हैदराबादचं, संशोधनाची जागा, दोन वर्षांची. पुढचं कोणी सांगावं, आणि राहायला खोली एकट्यापुरती. दुसरं घरून रोज जाऊन येता येईल अशा मोहगावच्या शाळेत मास्तरकीचं, कायमचं, पेन्शनसकट.

गावाला तर तेवढंच काम उरलं होतं. पानठेल्यावर एकजण म्हणे, ‘इतकं शिकून पोट्ट्यांचे कान पिळतं काय?’ दुसरा म्हणे, ‘हातचं सोडून पळत्याच्या मागे काहून लागून राहिला बे?’ मला दोघांचंही पटायचं, हीच पंचाईत. मन हैदराबादला होतं. पण तिथल्या मोठ्या लोकांत आपला टिकाव लागेल का, याची धास्तीही होती, आणि ती मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

शेवटी एका सकाळी जेवता जेवता ठरवून टाकलं. आई समोर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी पोरीला जरा मोठ्यानंच म्हणालो, ‘सांग तुया आईले, बाबा मोहगावले रुजू होऊन राहिले. तुमच्यासाठी हैदराबाद सोडलं, म्हणा.’

आपण किती मोठं काम केलं, असं वाटत होतं मला. पोरगी निघाली, पण तिच्या आधी बायकोच दारात आली. पदर सारखा केला आणि आईच्या देखत, माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘आमच्यासाठी म्हणू नका. मोहगावले जायचं तं तुमच्या मनानं जा. नाई तं जलमभर आमच्या नावानं खडे फोडसान, अन् पोरगी मोठी झाली का तिलेबी तेच ऐकवसान. हैदराबादले गेले तं मी शिवणकाम करीन. मी अन् आत्याबाई घर पाहून घेऊ.’ आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आई.

आता आई सुनेला झापणार, म्हणून मी आईकडे पाहिलं. आईनं हातातली शेंग सोलली. म्हणाली, ‘बरोबर बोलून राहिली ते. मलेबी मधात घालू नको.’

भयंकर राग आला. ताटावरून उठलो तो सरळ बसस्टँडवर. मोहगाव गेलं, सौंसर आलं, राग काही उतरेना. एवढं सोडायला निघालो तर कोणाला त्याची किंमत नाही. मग वर्गात फळा पुसता पुसता ध्यानात आलं, की आई, बायको, पोरगी तिघींना बाजूला ठेवलं तर मोहगावच्या बाजूला फक्त माझी धास्ती उरते.

संध्याकाळी घरी आलो. आई ओसरीवरच होती. पोरगी नेहमीसारखी पुढे आली, पण मी तिच्या डोक्यावरून बायकोला म्हणालो, ‘मी हैदराबादले जातो. मले जायचं आहे.’

‘जा,’ ती म्हणाली.

पोरगी मधातच उभी. एकदा माझ्या तोंडाकडे पाहे, एकदा तिच्या आईच्या. ‘मंग मी काय सांगू?’

‘आता काई नाई सांगायचं, बाई,’ मी म्हणालो, तर तिनं भोकाड पसरलं. उचलून घेतलं तरी रडणं थांबेना. दिवाळी सोडली तर दोन वर्षं हिला कडेवर घ्यायला आपण इथं नाही, हे मला तेव्हा कळलं.